गृहस्थाचें घर: नव्या वस्तूवरचा ओरखडा

नवी वस्तु घरांत आली म्हणजे तिची पेटी उघडण्याचा जो क्षण असतो, त्यांत लहानथोर सर्व सारखेच होतात. दोरा कापतांना घाई होते, वेष्टनाचे कागद ओसरीवर उडतात आणि मग वस्तु हातीं येते. अशा वेळीं तिच्या एका अंगास नखाएवढा ओरखडा दिसला, तर दुधांत मिठाचा खडा पडल्यासारखें होतें. वस्तु काम देईल, ओरखड्यानें कांहीं अडणार नाहीं, हें आपणांस ठाऊक असतें. तरी पूर्ण मोल देऊन उणें कां घ्यावें, हा विचार मनांतून हटत नाहीं. परत करावी तर आठ-दहा दिवसांचा खोळंबा. ठेवावी तर डोळा पुन्हा पुन्हा तेथेंच जातो. या लहानशा पेंचाचा विचार या महिन्यांत करावयाचें आम्ही योजिलें आहे. प्रश्न दिसावयास किरकोळ असला, तरी व्यवहार, कायदा आणि नीति या तिन्हींचे धागे त्याच्या पोटांत गुंतलेले आहेत.

निमित्त झालें तें गोंदियाच्या एका वाचक भगिनींच्या पत्राचें. त्यांचे यजमान नोकरींतून निवृत्त झाले आहेत. नोकरीच्या काळांत बाहेरगांवीं असतांना त्यांना गोल्फच्या खेळाची गोडी लागली होती. मध्यंतरीं मोठें दुखणें झालें आणि जुन्या काठ्या कोणास देऊन टाकल्या. आतां प्रकृति सुधारली असून, मोकळ्या हवेंत रोज चालावें, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. मुलगा पुण्यास असतो. हिंवाळ्यांत त्याच्याकडे राहावयाचें आणि येरवड्याच्या मैदानावर त्याच्या ओळखीनें खेळावयास जावयाचें, असा बेत ठरला. मुलानें काठ्यांचा नवा संच घरपोंच पाठविला. पेटी उघडली तों मोठ्या काठीच्या डोक्यावरील काळ्या रंगावर एक ओरखडा, आणि एका लोखंडी काठीच्या तळास दोन टिंबें! यजमान म्हणतात, "पहिल्याच दिवशीं मातींत आपटून याहून मोठे ओरखडे पडावयाचे आहेत, कशाला परत करावयाचें?" मुलगा म्हणतो, "पैसे पुरे मोजले आहेत. आजच परत करा." भगिनी लिहितात, "यांना परत करण्याची लाज वाटते, मुलाला न करण्याची. मला मात्र तिसरीच शंका येते. हा माल खरोखर नवा असेल का? परत करण्याच्या मुदतीचे सहाच दिवस उरले आहेत."

सहा दिवसांची मुदत मासिकाच्या अंकासाठीं थांबत नाहीं, म्हणून त्या भगिनींस आम्हीं आमचें मत टपालानें लगोलग कळविलें. परंतु गोल्फच्या काठ्या फार थोड्या घरांत येत असल्या, तरी शीतकपाट, मिक्सर, पातेलीं, साड्या आणि मुलांच्या सायकली सर्वांच्याच घरांत येतात. आणि आतां तर निम्मा माल न पाहतांच मागविला जातो. यासाठीं येथें सविस्तर लिहितों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. नव्या वस्तूवरील प्रत्येक खूण एकाच जातीची नसते. आमच्या मतें तिचे चार प्रकार होतात: कामास बाधणारी, केवळ रूपास बाधणारी, वस्तूच्या स्वभावांतून आलेली, आणि साक्ष देणारी. या चार जाती ओळखतां आल्या, तर निम्मा पेंच तेथेंच सुटतो.

कामास बाधणारी खूण मोठी असतेच असें नाहीं. पितळी पातेल्याच्या बाहेरच्या अंगास चांगला बोटभर पोंचा आला, तरी त्यांत पाणी तापावयाचें तें तापेलच. परंतु आंतल्या कल्हईंत टाचणीच्या अग्राएवढी जागा उघडी राहिली, तर त्यांतलें ताक किंवा चिंचेचें सार कळकल्यावांचून राहणार नाहीं. लोखंडी भांड्यावरील काचेच्या मुलाम्याचा टवका उडाला असेल, तर तेथून गंज शिरतो. कुकरच्या कडेस बसलेला लहानसा पोंचा वाफ धरूं देत नाहीं. तात्पर्य, खुणेचें आकारमान पाहून निर्णय करणें चुकीचें आहे. ती कोठें आहे, हें पाहावें.

गोल्फच्या काठ्यांसहि हाच न्याय लागतो. मोठ्या काठीचें, म्हणजे ड्रायव्हरचें, डोकें आंतून पोकळ असून तें बहुधा टिटॅनियमच्या पातळ पत्र्याचें असतें. त्याच्या माथ्यावरील रंग शोभेसाठीं आहे. तो खरचटला म्हणून चेंडू एक हातभरहि कमी जाणार नाहीं. मात्र माथ्याचा पत्रा आंत दबला असेल, किंवा चेंडूवर आदळणाऱ्या तोंडास चीर असेल, तर तो खरा दोष. लोखंडी काठ्यांच्या तोंडावर बारीक समांतर खांचा असतात. त्यांच्यामुळें चेंडूस फिरकी मिळते. म्हणून त्या खांचांची कड मोडलेली नसावी. दांडा कार्बनच्या तंतूंचा असेल, तर रंगापुरता ओरखडा निरुपद्रवी. पण तंतूंपर्यंत पोंचलेला छेद असेल, तर दांडा एक दिवस तेथेंच मोडावयाचा. काठीच्या तळावरील टिंबें मात्र यजमान म्हणतात त्याप्रमाणें पहिल्या दहा मिनिटांत शंभर होतील. खेळाच्या नियमांनींहि हें ओळखलें आहे. नेहमींच्या वापरानें झालेल्या झिजेमुळें काठी खेळास अयोग्य ठरत नाहीं, असा त्यांत स्पष्ट निर्वाळा आहे.

या खेळाच्या व्यापारांत एक रीत आहे, ती सर्वच व्यापाऱ्यांनीं घेण्यासारखी आहे. चेंडूवरील छपाई बिघडली किंवा रंगांत कांहीं उणें राहिलें, तर कांहीं कारखाने त्यावरील आपल्या नांवावर फुल्यांची रांग छापतात आणि तो चेंडू कमी किंमतीस विकतात. चेंडू बहुधा तितकाच दूर जातो. परंतु त्याच्यांत उणें आहे हें घेणारास आधींच कळतें, आणि त्या उण्याचें मोल त्याला सुटतें. येथें डागाविषयीं कोणाची तक्रार राहत नाहीं. यावरून असें दिसेल कीं, आपणांस जो डांचतो तो बहुतेक वेळां डाग नसून त्याविषयींची लपवाछपवी असते.

आतां तिसरा प्रकार. हा गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांस आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. पण पुण्या-मुंबईकडील भगिनींसाठीं सांगतों. या भागांतील रानांत ऐन व अर्जुन यांच्या झाडांवर कोशाचे किडे पोसतात. तुतीवरचा किडा घरांत, छपराखालीं वाढतो. कोशाचा किडा उघड्यावर, ऊन-पाऊस आणि पांखरांच्या चोंची सोशीत वाढतो. त्याच्या धाग्याचा रंग मधासारखा, आणि धागा कोठें जाड तर कोठें बारीक. त्या धाग्याची करवतकांठी साडी विणली, म्हणजे तिच्या अंगांत मधून मधून बारीक गांठी दिसावयाच्याच. अशी साडी मागवून, "यांत गुठळ्या आहेत" म्हणून ती परत धाडणें म्हणजे आंब्यांत कोय निघाली म्हणून तो परत करण्यासारखें आहे. उलट ज्या 'कोशाच्या' साडींत एकहि गांठ नाहीं, धागा आरशासारखा सारखा आहे, तिच्याविषयींच संशय घ्यावा. पदराच्या टोकाचा एक धागा जाळून पाहावा. केंस जळल्याचा वास येऊन बोटांत चुरणारी राख झाली तर तें रेशीम, आणि वितळून कठीण मणी झाला तर तो कृत्रिम धागा. खऱ्या रेशमासाठीं २००४ पासून सिल्क मार्कची आणि हातमागासाठीं २००६ पासून हँडलूम मार्कची खूण दिली जाते, तीहि पाहावी. ठोक्याच्या पितळी भांड्यावरील हातोडीच्या खुणाहि याच जातीच्या होत. त्या कारागिराच्या हाताच्या खुणा होत. त्यांना दोष म्हणूं नये.

चौथी जात साक्षीदार खुणेची. ती स्वतः निरुपद्रवी असते, पण कांहीं तरी सांगते. शीतकपाटाच्या पाठीवरचा पोंचा भिंतीकडे वळवितां येईल. परंतु तो पोंचा 'मला वाटेंत कोणी तरी खालीं आपटलें' असें सांगत असेल, तर आंतल्या नळ्यांचें काय झालें तें कोण जाणे! गोंदियाच्या भगिनींची शंका याच प्रकारची आहे आणि आमच्या मतें तिघांच्या म्हणण्यांत तीच सर्वांत मार्मिक आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकानें चार दिवस वापरून परत केलेला माल पुन्हा नवा म्हणून बांधला गेला असेल, तर ओरखड्याचा अर्थच बदलतो. यासाठीं काठीच्या तोंडावर चेंडूचे ठसे आहेत का, खांचांत माती किंवा गवताचा हिरवा अंश आहे का, मुठीचें रबर गुळगुळीत झालें आहे का, डोक्यावरील वेष्टन कारखान्याचें आहे कीं मागाहून चिकटविलेलें, हें भिंग घेऊन पाहावें. तीं चिन्हें आढळलीं, तर ओरखडा केवढाहि असो, माल परत करण्यास क्षणाचाहि विलंब लावूं नये. तेथें प्रश्न सौंदर्याचा उरत नाहीं, सत्याचा होतो.

आतां कायद्याकडे वळूं. आपल्याकडे मालविक्रीचा कायदा १ जुलै १९३० पासून चालू आहे. त्यांतील धोरण थोडक्यांत असें. जो व्यापारी त्या जातीच्या मालाचाच व्यापार करतो, त्यानें वर्णनावरून विकलेला माल बाजारांत खपण्याजोगा असला पाहिजे. मात्र घेणारानें माल आधीं पाहिला असेल, तर जो दोष पाहतांच दिसावयास हवा होता त्याबद्दल मागाहून कुरकूर करतां येत नाहीं. दुकानांत पातेलें हातीं घेऊन, फिरवून, वाजवून आणलेलें असलें, तर घरीं येऊन 'पोंचा आहे' म्हणण्यांत अर्थ नाहीं. घरपोंच मागविलेल्या मालाची गोष्ट वेगळी. तेथें माल हातीं आल्यावर तो तपासण्यास वाजवी अवसर मिळण्याचा गिऱ्हाइकास हक्क आहे. आणि तो अवसर दवडून माल तसाच ठेवून घेतला, तर त्यानें तो स्वीकारला असें समजलें जातें.

त्याहून पुढचें पाऊल ग्राहक संरक्षणाच्या कायद्यानें टाकलें. पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. त्यांत 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. मालाच्या गुणांत, प्रमाणांत, शुद्धतेंत किंवा ठरल्या दर्जांत राहिलेली कोणतीहि उणीव तींत येते. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतींत, आणि दिली नसेल तर तीस दिवसांत, दोषयुक्त माल परत घेण्याचें नाकारणें ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. घरबसल्या मागविलेल्या मालासंबंधीं २०२० सालीं वेगळे नियमहि झाले. दोष असलेला किंवा जाहिरातींत वर्णिल्याप्रमाणें नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्यानें नकार देऊं नये, असें त्यांत सांगितलें आहे. तक्रार करावयाची झाल्यास विक्रेता बंगलोरचा असो वा दिल्लीचा, गोंदियाच्या रहिवाशास गोंदियाच्याच जिल्हा आयोगाकडे ती करतां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस फी नाहीं, आणि तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधीं १९१५ या क्रमांकावर दूरध्वनि करून पाहावा. पुष्कळ तंटे तेथेंच मिटतात.

किरकोळ, केवळ रूपाचा डाग 'दोष' होतो का? इंग्लंडांत या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. १९८७ सालीं एका नव्या, महागड्या मोटारीच्या खटल्यांत तेथील न्यायालयानें असा विचार मांडला कीं, अशी गाडी घेणारा केवळ एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाण्यासाठीं ती घेत नसतो; तिच्या रूपाचा अभिमान हाहि त्यानें मोजलेल्या मोलाचा भाग असतो. पुढें तेथील कायद्यांतच मालाचें रूप, त्याची घडण आणि बारीकसारीक दोषांचा अभाव यांचा गुणवत्तेंत स्पष्ट उल्लेख झाला. आपल्या कायद्यांत असे शब्द नाहींत. पण विचार पटण्यासारखा आहे. नवेपण ही विकत मिळणारी गोष्ट आहे. ज्यानें नवेपणाचें पुरें मोल घेतलें, त्यानें नवेपण पुरें दिलें पाहिजे. म्हणून पुण्याच्या मुलाचें म्हणणें हट्टाचें आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु हक्क आहे म्हणून तो प्रत्येक वेळीं बजावलाच पाहिजे असें होत नाहीं. आणि येथेंच आमच्या लेखाचा खरा विषय सुरू होतो. डाग कोणीं, कोणाच्या मालांत, किती सोसावा, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यास नवा नाहीं. तेथील पुष्कळशा घरांचें पोट याच प्रश्नाशीं बांधलेलें आहे.

गोंदिया हें धानाचें गांव. धान गिरणींत भरडलें कीं कांहीं दाणा अखंड निघतो, कांहीं तुटतो. तुटलेल्यास तिकडे कनकी म्हणतात. एकहि दाणा न तुटतां भरडाई करणारी गिरणी जगांत नाहीं. म्हणून सरकारी खरेदींत साध्या तांदळांत शेंकडा पंचवीस व उसन्या तांदळांत शेंकडा सोळा इतका तुकडा वर्षानुवर्षें मान्य केलेला होता. काळपट दाणा, खडूसारखा दाणा, लाल दाणा यांची मर्यादा वेगवेगळी. उणें असणार हें दोन्ही बाजूंनीं आधींच कबूल करावयाचें, तें किती चालेल याचा आंकडा लिहून ठेवावयाचा, आणि त्या आंकड्यापलीकडे गेलें तरच माल परत करावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. आपल्या देवघरांतहि हाच विवेक नाहीं काय? अक्षता म्हणजे अखंड तांदूळ. पूजेच्या तबकांत आपण तुटका दाणा घेत नाहीं. परंतु त्याच पोत्यांतील कनकी वेगळी काढून तिची पेज आणि धिरडीं करतों. ती उकिरड्यावर टाकीत नाहीं. जेथें अखंडत्व हेंच प्रयोजन आहे तेथें तें मागावें. जेथें पोट भरणें हें प्रयोजन आहे तेथें मागूं नये. आपल्या आज्या-पणज्यांनीं हा निवाडा कोणत्याहि कायद्यावांचून केला होता.

दुसरें उदाहरण इतकें सुखाचें नाहीं. याच भागांत बिडीचा धंदा पिढ्यान्पिढ्या चालत आला. रानांतून तेंदूचें पान यावयाचें, ठेकेदारानें पान व तंबाखू मोजून द्यावयाची, आणि बायकांनीं घरीं बसून बिड्या वळून हजारामागें मजुरी घ्यावयाची. वळलेला माल घेऊन बाई गेली कीं ठेकेदाराचा मुनीम त्यांतून 'छाट' काढी: ही वांकडी, ही सैल, हिचें पान डागी. छाटींत गेलेल्या बिडीची मजुरी बुडे. डाग पानांत होता कीं हातांत, हें ठरविणारा एकच आणि लाभ होणारा तोच. हें गाऱ्हाणें इतकें जुनें व इतकें सार्वत्रिक होतें कीं, १९६६ सालीं बिडी व सिगार कामगारांचा जो कायदा झाला, त्यांत नाकारलेल्या बिड्या व त्यांची मजुरी यांसंबंधींच्या तंट्यासाठीं स्वतंत्र कलम घालावें लागलें. राज्यांच्या नियमांत छाटीवर शेंकडेवारीची मर्यादा आली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ सालीं न्यायालयानें कायदा कायम केला. वस्तु नाकारण्याचा अधिकार निर्मर्याद झाला कीं तो दुर्बळाच्या ताटांतील घांस कसा काढतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

म्हणून 'परत करावें कीं नाहीं' हा प्रश्न मनांत आला म्हणजे त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावा: परत केलें तर भुर्दंड कोणावर बसेल? गोल्फच्या काठ्या करणारा कारखाना किंवा त्या विकणारी पेढी परतीचा खर्च धरूनच किंमत ठरविते. तो भार हजारों गिऱ्हाइकांवर वांटला जातो आणि आपणहि त्याचा वांटा आधींच दिलेला असतो. तेथें संकोच धरण्याचें कारण नाहीं. परंतु आंधळगांवच्या किंवा मोहाडीच्या विणकराकडून थेट साडी घेतली आणि ती परत केली, तर त्या एका साडीचें सूत, रंग आणि कित्येक दिवसांची मेहनत एकट्या त्या घरावर येऊन पडते. तेथें हक्काचा शब्द उच्चारण्यापूर्वीं दहादां विचार करावा. दोष खरा असला, तर उघड बोलून किंमतींत थोडें कमी करून घ्यावें. तेवढ्यानें दोघांचाहि मान राहतो.

याचा अर्थ सदैव सोसावें असा मुळींच नाहीं. आपल्या घरांतून 'चालायचंच', 'कोण भांडत बसणार' असें म्हणण्याची जी संवय आहे, तिला पुष्कळदां आपण औदार्य म्हणतों. वस्तुतः तो आळस किंवा भीड असते. विशेषतः घरांतील स्त्रियांना, वस्तु त्यांच्याच वापरांतली असली तरी, ती परत करण्याचा निर्णय करतां येत नाहीं, आणि पुढें दहा वर्षें तो पोंचा त्यांनाच पाहावा लागतो. डागी माल पुऱ्या किंमतीस मुकाट्यानें घेतला जातो असें एकदां कळलें, कीं व्यापारी तो निवडून आपल्याकडेच पाठवूं लागतो; लहान गांवच्या गिऱ्हाइकास हा अनुभव पुष्कळ वेळां येतो. तेव्हां आपली भीड शेजाऱ्यालाहि महाग पडते. बलिष्ठ विक्रेत्याकडून आपलें पुरें मागून घेणें हें कर्तव्यच समजावें.

त्याचबरोबर गिऱ्हाइकाची बाजूहि स्वच्छ हवी. लग्नांत साडी मिरवून आणून दुसऱ्या दिवशीं घडी घालून ती परत पाठविणें, सहलीला पादत्राणें वापरून 'माप बसत नाहीं' म्हणणें, मन फिरलें म्हणून पेटींतील निर्दोष वस्तूवर डाग शोधणें, या गोष्टी सुशिक्षित घरांतहि शिरूं लागल्या आहेत. कोणास फसविलें असें त्यांत वाटत नाहीं, कारण समोर माणूस दिसत नाहीं. पण त्याच वस्तु पुन्हा बांधल्या जाऊन दुसऱ्या कोणाच्या ओसरीवर उघडल्या जातात. गोंदियाच्या भगिनींना आलेली शंका अशाच कोणा गृहस्थाच्या कर्तृत्वाचें फळ असूं शकेल!

व्यवहाराच्या दृष्टीनें आमच्या सूचना थोड्या आहेत. माल आला त्याच दिवशीं, उजेडांत, पेटी न फाडतां उघडावी आणि उघडतांनाच मोबाईलवर छायाचित्रें घ्यावींत. बिल जपून ठेवावें. डाग दिसल्यास वस्तु वापरूं नये. एकदां वापरली कीं डाग कोणाचा हा वाद उत्पन्न होतो. विक्रेत्यास त्याच दिवशीं लेखी कळवावें: अमुक ठिकाणीं अमुक खूण आहे; बदलून द्यावी, किंवा किंमतींत अमुक कमी करावें. पुष्कळांस ठाऊक नसतें कीं, सगळा माल परत करणें आणि सगळा ठेवणें यांच्या मध्यें हा तिसरा मार्ग आहे; आणि किरकोळ डागांच्या बाबतींत बहुधा तोच सर्वांत शहाणपणाचा असतो.

या विचारानें गोंदियाच्या भगिनींस आम्हीं लिहिलें तें असें. प्रथम भिंग घेऊन वापराच्या खुणा शोधा. सांपडल्या तर सगळा संच परत पाठवा, यजमानांची समजूत आम्ही घालूं. न सांपडल्या, तर लोखंडी काठीच्या तळावरील टिंबें विसरून जा. माथ्यावरील ओरखड्याविषयीं विक्रेत्यास आजच लिहा आणि ती एक काठी बदलून किंवा किंमतींत सूट मागा. कारण खेळतांना नजर खालीं जाते तेव्हां तो माथाच समोर असतो, आणि पुरे पैसे दिलेल्या माणसानें रोज तो ओरखडा कां पाहावा? मात्र मुदतीच्या आंत उत्तर आलें नाहीं, आणि बदलीची वाट पाहण्यांत हिंवाळा निघून जाणार असें दिसलें, तर यजमानांनीं काठ्या घेऊन खुशाल पुण्यास जावें. आजारांतून उठलेल्या माणसानें पुन्हा मैदानावर पाय ठेवणें यापुढें काळ्या रंगाच्या एका रेघेची किंमत ती काय? मुलानें पैसे दिले ते काठ्यांसाठीं नव्हेत, वडिलांनीं चालावें यासाठीं, हें त्यालाहि सांगावें. त्याचा राग उतरेल.

आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या गालावर आई स्वतःच्या हातानें काजळाची तीट लावते. रूपांत थोडें उणें राहिलें तर तें आपलें अधिक जवळचें वाटतें, ही समजूत त्या तिटेमागें असावी. घरांतील वस्तु वापरूं लागलों कीं तिच्यावर आपल्या हातचे ओरखडे पडतात, आणि दुकानांतून आलेला पहिला ओरखडा कोणता होता हें वर्षभरानें कोणासहि सांगतां येत नाहीं. परंतु तीट आईनें लावावयाची असते. दुसऱ्यानें चोरून लावलेल्या काळ्या बोटास कोणी तीट म्हणत नाहीं. या दोहोंतील फरक ज्या घरास कळला, त्यास कोणती वस्तु परत करावी आणि कोणती ठेवावी, हें पुसण्यासाठीं आमच्याकडे पत्र धाडावें लागणार नाहीं. तरी ज्यांस शंका असेल त्यांनीं अवश्य लिहावें. मात्र परत करण्याची मुदत पत्राच्या पहिल्याच ओळींत नमूद करावी.